सात मिनिटं चाळीस सेकंद

आमच्या प्राचार्यांनी माझ्या हातातला खडू छत्तीस विद्यार्थ्यांसमोर काढून घेतला, तो सोमवार होता आणि घड्याळात अकरा वीस झाले होते. वेळ लक्षात राहण्याचं कारण एवढंच, की त्या क्षणी कुठेतरी बघायचं म्हणून मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं.

मी औषधनिर्माण पदविकेच्या पहिल्या वर्षाला शिकवतो. कॉलेज मोहाडीपासून सात किलोमीटरवर, तिन्ही बाजूंनी धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची शेतं. शिकवायला येण्याआधी चौदा वर्षं मी औषधाच्या दुकानात काउंटरवर उभा होतो. तिथे एकदा एका बाईला तिच्या वर्षाच्या बाळासाठी तापाचं औषध दिलं. चिठ्ठीत फक्त औषधाचं नाव आणि 'एक चमचा, तीन वेळा' एवढंच होतं. मी थेंबांची बाटली दिली. थेंबांच्या बाटलीत तेच औषध चमच्याच्या बाटलीपेक्षा चौपट दाट असतं. दुसऱ्या दिवशी ती बाई दुसरी बाटली मागायला आली, तेव्हा मला हिशेब लागला. सायकल काढून मी तिच्या घरी गेलो. बाळ अंगणात खेळत होतं. ते वाचलं यात माझं काहीच कर्तृत्व नव्हतं.

म्हणून शिकवायला लागल्यावर मी ठरवलं, की औषधांची नावं पाठ करून घेणारे पुष्कळ आहेत, आपण विचारायला शिकवू. दर शनिवारी फळ्यावर मी एक चिठ्ठी लिहायचो. तिच्यात मुद्दाम एक चूक ठेवायचो, किंवा एखादी गोष्ट गाळायचो. गुण उत्तराला नसत, चिठ्ठी आणणाऱ्याला काय विचाराल त्याला असत.

पहिल्या चाचणीला मी ती बाळाचीच चिठ्ठी दिली. दिघोरीकडची एक मुलगी वर्गात होती. तिचे वडील गावच्या तलावात मासे धरतात आणि ती मोहाडीत मावशीकडे राहून शिकत होती. तिने उत्तर लिहिलंच नाही. तीन प्रश्न लिहिले: बाळाचं वजन किती, बाटली थेंबांची का चमच्याची, आणि घरी चमचा कोणता वापरता. मी तिला दहापैकी नऊ दिले. एक गुण अक्षरासाठी कापला. वर्गात पहिला येणाऱ्या मुलाने सुंदर अक्षरात औषधाचे गुणधर्म, उपयोग आणि दुष्परिणाम असं दीड पान लिहिलं होतं. त्याला दोन दिले. त्याचे काका संस्थेच्या कार्यकारिणीवर होते, हे मला माहीत होतं. तरी दोनच दिले.

सोमवारी प्राचार्य वर्गात आले. फळ्यावर शनिवारची चिठ्ठी तशीच होती.

"सर, हे काय लिहिलंय?"

"चिठ्ठी आहे. पोरांनी चूक शोधायची."

"म्हणजे तुम्ही चुकीचं लिहिलं."

"मुद्दाम लिहिलं."

ते वर्गाकडे वळले. "ऐकलं का? तुमचे सर मुद्दाम चुकीचं शिकवतात. मीच एकटा येडा, वीस वर्षं बरोबर शिकवत बसलो."

वर्ग हसला.

"डॉक्टरची परीक्षा घेणारा फार्मासिस्ट पाहिला का तुम्ही कोणी? लिहिलं ते वाचायचं, वाचलं ते द्यायचं, अन् घरी जाऊन जेवायचं."

वर्ग आणखी हसला. मग त्यांनी हात पुढे केला. "आणा तो खडू. उरलेला तास मी घेतो. चुकीचं लिहिणाऱ्याच्या हाती खडू नको."

मी खडू दिला. हसणारे मी मोजले नाहीत असं लिहिलं तर ते खोटं होईल. पस्तीस होते. मासेमारांची ती मुलगी वहीत काहीतरी खोडत होती, म्हणून तिला मी धरलं नाही.

दुसऱ्या दिवशी आदेश निघाला. माझा विषय आणि त्याचं प्रात्यक्षिक प्राचार्य स्वतः घेणार, आणि माझ्याकडे भांडारगृह. घरी सांगितलं तेव्हा बायको म्हणाली, "त्यांच्या तोंडावर बोलून टाका काय ते, नाहीतर सोडून द्या. हे असं घरात घेऊन येऊ नका." मी बोललो नाही आणि सोडलंही नाही. त्या पस्तीस जणांसमोर, त्याच माणसाने, त्याच विषयात चूक ठरायला हवं, एवढं मी मनाशी पक्कं केलं. कमी नको आणि जास्तही नको.

भांडारगृहात काम नव्हतं, म्हणून मी मोजायला घेतलं. बाटल्या, नळ्या, तराजू, वजनं. तिसऱ्या कपाटाच्या तळाशी गोळी फुटण्याचं यंत्र सापडलं. सहा काचेच्या नळ्यांची टोपली कोमट पाण्यात वरखाली होत राहते. प्रत्येक नळीत एक गोळी टाकायची आणि ती किती वेळात फुटून विरघळते ते बघायचं. साधी गोळी पंधरा मिनिटांच्या आत फुटली पाहिजे. न फुटली तर ती पोटातून तशीच्या तशी जाईल, रोग्याच्या काही कामाची नाही. यंत्रावर धूळ होती. साठा रजिस्टर उघडलं तर माझ्या आधीच्या भांडारपालाने तीन वर्षांपूर्वी लिहिलेलं दिसलं: 'मोटर जळाली. बंद.'

बाजूच्या रॅकवर मागच्या तीन बॅचच्या प्रात्यक्षिक फाईल्स होत्या. मी त्या काढल्या. एकशे पाच होत्या. प्रत्येक फाईलमध्ये गोळी फुटण्याचा प्रयोग होता, आकृती होती, तक्ता होता, आणि वेळ होती: सात मिनिटं चाळीस सेकंद. एकशे पाच मुलांच्या एकशे पाच गोळ्या, बंद यंत्रात, एकाच सेकंदाला फुटल्या होत्या. खाली प्रत्येकीवर प्राचार्यांची लाल सही; माझ्या आधी हा विषय तेच घेत.

आमच्याकडे याला 'रीडिंग आणणं' म्हणतात. दिवाळीनंतर वरच्या वर्गातली पोरं फाईल खालच्यांना देतात, खालचे ती उतरवून काढतात. मुळात ती वेळ प्राचार्यांच्याच 'आदर्श फाईल'मधली. यंत्र नवीन आलं त्या वर्षी त्यांनी एकदा खरोखर मोजली असावी. तेवढं श्रेय मी त्यांना देतो. पण त्यानंतर गोळ्या बदलल्या, यंत्र मेलं, आणि वेळ मात्र जिवंत राहिली.

त्या दिवशी मी जेवणाचा डबा दोन वेळा उघडला आणि दोन्ही वेळा न खाता बंद केला. भूक नव्हती. इतका आनंद मला कित्येक दिवसांत झाला नव्हता.

मी घाई केली नाही. आधी अर्ज केला, यंत्र बंद आहे, दुरुस्ती हवी. अर्जावर प्राचार्यांनी लिहिलं, 'पाहू', आणि सही. महिन्याने दुसरा अर्ज. 'पाहू.' त्यानंतर तिसरा. तिसऱ्यावर नुसती सही. तिन्ही मी आवक क्रमांक घालून रजिस्टरला चिकटवले.

मार्चमध्ये यंत्राची मोटर पिशवीत घालून मी आंधळगावला गेलो. तिथे पंपाच्या मोटरी वायंडिंग करून देणारा एक कारागीर आहे. उन्हाळी धानाचे दिवस, त्यामुळे दुकानासमोर जळालेल्या मोटरींची रांग होती. त्याने माझी मोटर तळहातावर घेतली.

"काय जी मास्तर, हे लेकराइचं खेळणं कायले आणलं?"

"खेळणं नाही, मशीन आहे. गोळी विरघळवते."

"गोळी तं पोटात इरघळते. तिले मशीन कायले लागते?"

"पोटात जायच्या आधी पाहावं लागते, विरघळते का नाही ते."

"अन् नाही इरघळली तं?"

"तर गोळी खाऊन काही फायदा नाही."

"मंग एवढे दिवस हे बंद होतं तं तुमी काय पाहत होते?"

वायंडिंग करणाऱ्या माणसाला जो प्रश्न अर्ध्या मिनिटात पडला, तो तीन वर्षांत आमच्या कॉलेजात कोणाला पडला नव्हता. पाचव्या दिवशी मोटर मिळाली. मी कॉलेज सुटल्यावर यंत्र चालवून पाहिलं. मिनिटाला तीस फेऱ्या, पाणी सदतीस अंशाला स्थिर. सरावासाठी आणलेल्या गोळ्यांचा जुना डबा भांडारात होता. त्यातल्या सहा टाकल्या. पंधरा मिनिटं झाली, गोळ्या तशाच. एकोणीस मिनिटांच्या पुढे जाऊन त्या फुटल्या. डबा जुना होता, गोळ्या टणक झाल्या होत्या. म्हणजे त्या नापास गोळ्या होत्या, आणि परीक्षेच्या यादीत प्राचार्यांनी त्याच डब्याचं नाव लिहिलं होतं. मी त्यात काही बदललं नाही. यादीप्रमाणे सामान मांडणं हे माझं काम होतं.

तिसऱ्यांदा चालवून पाहत होतो तेव्हा ती मुलगी दारात उभी होती. मावशीकडे जायची तिची बस चुकली होती.

"सर, हे मशीन चालते?"

"चालते आता."

तिने आत येऊन टोपलीकडे पाहिलं, मग माझ्या वहीतल्या आकड्यांकडे. "पण आमी तं फाईलीत सात चाळीस लिवलं."

"कोणाचं बघून?"

"शिनियरच्या." ती हसली नाही. ती यंत्रासमोर बसून राहिली आणि गोळी फुटेपर्यंत हलली नाही. तिचे वडील तलावावर असेच बसून राहत असतील, असं मला वाटलं. मग तिने विचारलं, "परीक्षेत हेच मशीन राहीन?"

"हो."

"मंग बाकीच्याइले सांगू का?"

मी म्हणालो, "नको."

"काहून?"

काहून ते मी सांगितलं नाही. एकाला सांगितलं की छत्तीस जणांना कळणार आणि संध्याकाळपर्यंत प्राचार्यांना. ते यंत्र दुसऱ्या दिवशी कपाटात जाणार, आणि गोळ्यांचा डबा कुठे जाणार कोण जाणे. माझे सहा महिने वाया. मी तिला म्हणालो, "परीक्षेत जे डोळ्यांना दिसेल ते लिहायचं. एवढं शिकवून झालंय माझं."

ती उठली. "सर, तुमी आमाले इचार कराले शिकवून राहिले, का सरले पाडाले?"

"दोन्ही," मी म्हणालो. मी खोटं बोललो नाही.

ती निघून गेली. तिने कोणाला सांगितलं नाही.

प्रात्यक्षिक परीक्षा एप्रिलमध्ये झाली. पहिल्या दिवशी अठरा जणांची बॅच. बाहेरून आलेल्या परीक्षक बाई पन्नाशीच्या होत्या, पायात बूट, आणि पाण्याची बाटली घरून आणलेली. आधीचे परीक्षक प्राचार्यांच्या खोलीत चहा घेत, फाईलींवर सह्या करत आणि जेवून जात. या बाईंनी चहा नाकारला तेव्हाच मी यंत्राची वायर बोर्डात घातली.

बाईंनी गोळी फुटण्याचा प्रयोग सगळ्यांना सक्तीचा केला. सहा नळ्या, म्हणून सहा जणांचा एक गट, तीन गट. प्रत्येकाने आपल्या नळीतल्या गोळीवर लक्ष ठेवायचं. पहिला गट आला. मी बटण दाबलं. टोपली वरखाली होऊ लागली.

प्राचार्य खोलीच्या दुसऱ्या टोकाला होते. आवाज ऐकून ते वळले. ते माझ्याजवळ येऊन ओठ न हलवता म्हणाले, "हे केव्हा सुरू झालं?"

"दुरुस्त करून आणलं, सर. रजिस्टरला नोंद आहे."

"मला सांगितलं नाही?"

"तीनदा सांगितलं, सर. तुम्ही 'पाहू' म्हणालात."

त्यांच्या कपाळाच्या उजव्या बाजूला एक शीर आहे, ती मी पहिल्यांदाच पाहिली. ते मुलांना काही सांगू शकत नव्हते, कारण परीक्षक बाई तीन हातांवर उभ्या होत्या. मीही काही सांगितलं नाही. आम्ही दोघं शेजारी शेजारी उभे राहिलो.

आठव्या मिनिटाला पहिल्या गटातले पाच जण उठून आपापल्या टेबलावर गेले आणि लिहू लागले. नळ्यांत सहाही गोळ्या अख्ख्या होत्या, पांढऱ्या, गोल, पाण्यात वरखाली नाचणाऱ्या. सहावी ती मुलगी होती. ती बसून राहिली.

परीक्षक बाईंनी टोपलीकडे पाहिलं, मग टेबलांकडे. त्या एकेका टेबलापाशी गेल्या आणि कागद वाचून परत आल्या. दुसऱ्या गटातल्या सहाही जणांनी तेच केलं, तिसऱ्यातल्याही. पहिला येणारा मुलगा तिसऱ्या गटात होता. त्याने वेळ लिहून खाली लाल रेघही मारली. अठरापैकी सतरा जणांनी सात मिनिटं चाळीस सेकंद लिहिलं. मुलीने एकोणीस मिनिटं अकरा सेकंद लिहिलं आणि पुढे, 'गोळी नापास.'

मग बाईंनी फाईल्स मागवल्या. त्यांनी पाच उघडल्या, सहावी उघडायची गरज पडली नाही.

"प्राचार्य सर, या सह्या तुमच्या?"

"मॅडम, यंत्र आत्ताआत्तापर्यंत बंद होतं. भांडारप्रमुखांनी वेळेत कळवायला हवं होतं."

या वाक्यासाठी मी त्यांचा जन्मभर ऋणी राहीन. मी रजिस्टर उघडून टेबलावर ठेवलं. तीन अर्ज, तीन आवक क्रमांक, दोन 'पाहू'. बाईंनी चष्मा लावून तिन्ही वाचले. सतरा मुलं मान वर करून पाहत होती.

"यंत्र बंद होतं," बाई म्हणाल्या, "मग फाईलमधली ही वेळ आली कुठून?"

मी घड्याळ पाहिलं. बारा चाळीस. ते अकरा सेकंद गप्प होते, मी मोजले. मग ते म्हणाले, "मुलांनी... उतरवली असेल."

"आणि सही?"

कोणी हसलं नाही. मला वाटलं होतं कोणी तरी हसेल. तेवढी एक कसर राहिली.

त्या संध्याकाळी मी घरी आलो आणि बायकोला म्हणालो, "आज पोटभर जेवीन." जेवलोही. प्राचार्य जिवंत आहेत, खुर्चीवर आहेत, रोज भेटतात. परीक्षेचं काम मात्र त्यांच्याकडून काढून घेतलं आणि विषय मला परत मिळाला. ते दिसले की मी पहिला नमस्कार करतो. त्यांना तो घ्यावा लागतो. यात मला अजून गोडी आहे. ती कमी झाली असं मी लिहिणार नाही.

दुसऱ्या दिवसाच्या बॅचमधले सगळे यंत्रासमोर ठाण मांडून बसले, बातमी पोचली होती. पहिल्या दिवसाचे सतरा मात्र अडकले. बाईंनी त्या प्रयोगाला त्यांना शून्य दिलं. निकाल लागला तेव्हा त्यातले अकरा जण प्रात्यक्षिकात नापास होते. यादी मी तीनदा वाचली. त्यात पहिला येणारा मुलगा होता. त्याच्याबद्दल मला काही वाटलं नाही. पण त्यात चांदपूरकडचा एक मुलगाही होता. तो त्या सोमवारी हसला, कारण शेजारचा हसला. आणि एक मुलगी होती, तिचं लग्न ती पास झाल्यावर ठरणार होतं, ते आता नापास झाल्याबरोबर ठरलं. नापासांच्या यादीत मी प्राचार्यांना शोधत होतो बहुतेक. ते अर्थातच नव्हते.

पुरवणी परीक्षेसाठी अकरा जणांचा वर्ग माझ्याकडे आला. पहिल्या तासाला मी यंत्र मांडलं. चांदपूरकडचा मुलगा उभा राहिला.

"सर, तुमाले माहीत होतं ना, मशीन चालते अन् गोळी जुनी आहे?"

"हो."

"मंग आमाले सांगता आलं असतं."

"आलं असतं."

"मंग काहून नाही सांगितलं जी?"

मी म्हणालो, "मला सरांना खाली पाहायला लावायचं होतं. तुम्ही मध्ये याल हे मला दिसत होतं, तरी मी थांबलो नाही."

लग्न ठरलेली मुलगी म्हणाली, "म्हणजे या वेळी तुमची शनिवारची चिठ्ठी आमच्या नावानं होती."

कोणी हसलं नाही. मी माफी मागितली, एकदाच, साध्या शब्दांत. ती त्यांनी घेतली का नाही हे मला कळलं नाही, आणि विचारायचा हक्क मला नव्हता.

मग मी गोळ्या टाकल्या, बटण दाबलं आणि माझं स्टॉपवॉच काढलं. पहिला येणारा मुलगा, ज्याला मी दोन गुण दिले होते, तो पुढे आला.

"सर, तुमच्या घड्याळावर नको."

"का?"

"आमी आमच्या मोबाईलवर धरतो." त्याने इतरांकडे पाहिलं. "अन् डबा कोन्ता आहे तेही दाखवा."

मी डबा त्याच्या हातात दिला. त्याने झाकण उघडलं, तारीख वाचली, ती दुसऱ्याला वाचायला लावली, आणि मग वहीत लिहिली. अकरा जण टोपलीभोवती उभे राहिले, पाच मोबाईल चालू. मी स्टॉपवॉच खिशात ठेवलं आणि मागच्या बाकावर जाऊन बसलो. एकोणीस मिनिटं कोणी माझ्याकडे पाहिलं नाही.